मालधक्क्याकडे जायचं कुठून

शाल मी चुकीच्या माणसाच्या खांद्यावर घातली.

साहेब पुण्याहून येणार होते. रेल्वेचे साहेब म्हणजे रेल्वेनेच येणार असं आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं आणि हार, फेटा, शाल, नारळ घेऊन फलाटावर गाडीची वाट बघत उभे राहिलो. साहेब मोटारीने आले. तेही मागच्या बाजूने. एकदम सात-आठ जणांचा घोळका अंगावर आला, सगळ्यांच्या डोक्यावर पांढरी हेल्मेटं, सगळ्यांचे शर्ट खोचलेले. त्यात सगळ्यात पुढे होता तो अंगाने भरलेला, आणि त्याच्या चेहऱ्यावर भयंकर काळजी होती. एवढी काळजी मोठ्या पदाशिवाय येत नाही, असा विचार करून मी पुढे झालो, शाल पांघरली, हात जोडले, फोटो निघाला. तो माणूस मान खाली घालून उभा राहिला.

"दाजी, त्यो न्हवं," हमालांच्या टोळीचा मुकादम माझ्या कानाशी येऊन म्हणाला. "त्यो कंत्राटदाराचा सुपरवायझर हाय. भिंत बांधायला आलाय."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"आधी मला बी कुठं ठावं हुतं? साहेब त्ये बगा, मागं, फोनवर बोलत्यात ते."

मागे एक किडकिडीत गृहस्थ खांबाला टेकून मोबाईलवर बोलत होते. शाल एकच आणली होती. घातलेली काढून घ्यायची कशी? शेवटी साहेबांना फेटा आणि नारळ, सुपरवायझरला शाल, आणि हार कुणाला गेला ते मला आजही सांगता येणार नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी होता ते सांगतो. माझं कडेगावच्या अंगाला खताचं दुकान आहे. आमच्याकडे उसाला पाणी नंतर आणि खत आधी अशी लोकांची घाई, त्यामुळे दुकान चालतं, माझ्या हुशारीने चालतं असा गैरसमज घरात कुणाचाही नाही. हे खत मालगाडीने येतं. अख्खी मालगाडी, तिला आम्ही रेक म्हणतो, सातारा-सांगलीच्या मधल्या आमच्या छोट्या स्टेशनच्या मालधक्क्यावर लागते. हमालांची टोळी डब्यांतून पोती उतरवते, ट्रकात भरते, आणि ट्रक दोन्ही जिल्ह्यांत पांगतात. उसाच्या कारखान्यांची साखरही अधूनमधून इथूनच जाते. प्रवाशांना या धक्क्याची गरज नाही आणि धक्क्याला प्रवाशांची. इतकी वर्षं दोघं एकमेकांकडे पाठ करून सुखाने नांदले.

मग स्टेशनचा कायापालट करायचं ठरलं. दर्शनी भागात मोठा फलक लागला. त्यावर नव्या स्टेशनचं रंगीत चित्र. कमान, कारंजं, हिरवळ, गाड्या लावायला फरसबंदी जागा, आणि चाकांच्या बॅगा ओढत चाललेली गोरीगोमटी माणसं. त्यातलं एकही माणूस आमच्या तालुक्यातलं वाटत नव्हतं. आम्ही सगळ्यांनी त्या चित्रापुढे उभं राहून कौतुक केलं. मीही केलं. आपल्या गावाला असं काही होतंय म्हटल्यावर बरं वाटतंच. चित्रात काय नाही हे बघायला आम्हाला पुढे बराच वेळ लागला. मालधक्का होता. तो कोपऱ्यात करड्या रंगात दाखवला होता. फक्त तिथपर्यंत जायचं कुठून, ते चित्रात नव्हतं. ट्रक ज्या रस्त्याने जायचे तिथे हिरवळ होती आणि हिरवळीच्या कडेने भिंत.

ट्रक जाऊ शकला नाही तर रेक इथे लागणार नाही. ती मिरजेला जाईल. मला त्याने काय होणार? मिरजेहून खत आणायला उशीर होईल, गिऱ्हाईक चार शब्द जास्त ऐकवेल, बाकी माझं चाललं असतं. चालणार नव्हतं ते मुकादमाचं.

मुकादम मूळचा आटपाडीकडचा, माझ्या बायकोच्या माहेरगावचा. घराणं मेंढरांमागे फिरणारं. त्याच्या बापाची मेंढरं दर साल आमच्या भागात उसाच्या मोकळ्या रानांत बसायला यायची. एका साली बाप परत गेला आणि हा धक्क्यावर पोती उचलायला राहिला, तो राहिलाच. मागून भाऊबंद आले, गावचे आले, टोळी झाली. धक्क्यामागे पत्र्याची घरं झाली, पोरं इथल्या शाळेत गेली. बायको त्याला दादा म्हणते, म्हणून मी त्याचा दाजी. वयाने तो माझ्याहून मोठा, पण दाजी म्हणण्यात आमच्याकडे मानही असतो आणि वाटेल ते बोलायचा परवानाही असतो. मुकादम परवानाच जास्त वापरतो.

हमालीत एक रीत कडक आहे. ज्याचा धक्का त्याची टोळी. मिरजेच्या धक्क्यावर मिरजेची टोळी. तिथे दुसऱ्याने पोत्याला लोखंडी आकडीसुद्धा लावायची नाही. म्हणजे रेक मिरजेला गेली की मुकादमाची टोळी मोडली. पन्नाशी उलटलेल्या, गुडघे बोलायला लागलेल्या माणसाने मग करायचं काय? मेंढरं कधीच विकलेली. गावाकडच्या रानात पाऊस येईल तेव्हा पीक.

"मी काय करीन ते सोडा," तो म्हणायचा. "पर ह्या टोळीतल्या तरण्या गड्यांच्या बायका मला कुठं झोपू देत्यात? रोज इचारत्यात, मामा, ऱ्हायाचं का बांदाबांद करायची."

तर मालधक्का वाचवायला समिती झाली आणि मी तिचा अध्यक्ष. अध्यक्ष का, तर समिती स्थापन होत होती तेव्हा माईक माझ्या हातात होता. दुसऱ्या कुणालातरी द्यायचा म्हणून मी नुसता धरला होता.

साहेब पाहणीला येणार कळलं तेव्हा आपलं गाऱ्हाणं घालायचं ठरलं. पण आमच्याकडे कुणापुढे गाऱ्हाणं घालायचं तर आधी त्याचा सत्कार करावा लागतो. मोकळ्या हाताने मागितलं तर भांडायला आल्यासारखं दिसतं. आधी स्वागत, मग प्रास्ताविक, मग सत्कार, मग दोन शब्द, आणि त्या दोन शब्दांच्या पोटात कुठेतरी मागणी. हा क्रम कुणी ठरवला माहीत नाही, पण तो मोडायची हिंमत कुणात नाही.

शालीचा घोटाळा निस्तरल्यावर मी दोन शब्द बोलायला उभा राहिलो. सुरुवात आभाराने केली. साहेब आले, वेळ काढला, आमच्यासारख्या आडगावाला कमान मिळतेय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्या की मला पुढचं सुचतं, ही माझी जुनी खोड. मी कारंज्यावर बोललो. हिरवळीवर बोललो. आपले जवान सुट्टीवर येतील तेव्हा याच कमानीखाली आपल्या आईबापांना भेटतील, असंही म्हणालो. टोळीतल्या एकाचा भाऊ सैन्यात आहे, त्याने डोळे पुसले. आता मुख्य मुद्द्याकडे वळावं म्हणून मी पाणी प्यायला थांबलो, तेवढ्यात साहेब उठले. त्यांना पुढच्या स्टेशनवर जायचं होतं. "आपलं सहकार्य असंच राहू द्या," म्हणाले, फेट्यासकट मोटारीत बसले आणि गेले.

पाण्याचा पेला माझ्या हातातच राहिला.

"दाजी," मुकादम म्हणाला, "ट्रकाचं कवा सांगणार हुता?"

"त्याच्यावरच येत होतो."

"व्हय. कारंज्याला वळसा घालून येत हुता."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. मी शाल पांघरतोय, सुपरवायझर जमिनीकडे बघतोय, आणि खाली ओळ, की नव्या स्टेशनचं व्यापारी व हमाल बांधवांकडून जोरदार स्वागत. दिवसभर लोक दुकानात येऊन अभिनंदन करत होते. बायकोने फोटो बघितला, चष्मा लावून पुन्हा बघितला, आणि म्हणाली, "दादा कुटं दिसंना फोटोत?" मी म्हटलं, तो फोटोच्या बाहेर उभा होता. ती म्हणाली, "तितंच ऱ्हायाचा मग."

त्यानंतर पुण्याला दोन-तीन चकरा झाल्या. सकाळच्या गाडीने जायचं, कचेरीतल्या बाकावर बसायचं, जेवायच्या सुट्टीत वडापाव खायचा, पुन्हा तोच बाक. कुणी वाईट वागलं नाही. सगळे बसा म्हणाले. आम्ही बसलो. एका टेबलावरच्या बाईंनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "पण तुमच्याकडून तर स्वागत झालंय ना?" परतीच्या गाडीत मुकादम खिडकीशी डोकं टेकून झोपला होता आणि मी त्याच्या आकडीने घट्टे पडलेल्या तळव्यांकडे बघत होतो.

आणि मग एक दिवस तो सुपरवायझर शाल घेऊन धक्क्यावर आला. मी आणि मुकादम रिकाम्या पोत्यांच्या गठ्ठ्यावर बसलो होतो. माणूस विजापूरकडचा, मराठी बोलायचा पण कानडी वळणाने. शाल नीट घडी घालून, पिशवीत घालून आणली होती.

"हे आमाला चुकून आलंय री," तो म्हणाला. "तुमी साहेबाला देनार होता. माझं मनाला बरं वाटंना."

मी पिशवी घ्यायला हात पुढे केला. मुकादमाने माझा हात दाबला. "आंगावर घातल्याली शाल परत घेत न्हाईत, साहेब. मेलेल्या माणसाची सुदिक घेत न्हाईत, तुमी तर चांगलं जित्तं हायसा. बसा. च्या घ्या."

तो बसला. चहा आला. त्याच्या चेहऱ्यावरची काळजी अजून तशीच होती, म्हणजे ती पदाची नव्हतीच. काम वेळेत झालं नाही तर कंत्राटदार ओरडणार, लवकर उरकलं तर इथून उचलून कुठल्यातरी दुसऱ्या गावी धाडणार. घरी जाऊन किती दिवस झाले असं मुकादमाने विचारलं तेव्हा तो नुसता हसला. मग दोघांचं पाऊसपाणी, जोंधळा, गुरंढोरं यावर असं काही जमलं की मी मधे बसलोय हे दोघं विसरले. उठता उठता मुकादमाने विचारलं, "भिंत कुठल्या अंगानं घालणार?"

"ह्या ट्रकाच्या बाजूनं सांगितलंय."

"पल्याडच्या टोकाकडनं घातली तर?"

सुपरवायझरने रस्त्याकडे बघितलं. "भिंत ड्रॉइंगमदी हाय री," तो म्हणाला. "ती मला हलवता यायची न्हाई. कुठनं सुरू करायचं, ते ड्रॉइंगमदी न्हाई."

त्याने भिंत दुसऱ्या टोकाकडून सुरू केली. मी हे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, माझ्या शालीचा प्रताप म्हणून. पुढे कळलं की त्याची वाळू आणि विटा त्या टोकालाच पडल्या होत्या. मुकादम म्हणाला, असू दे, विटा का असंना, भिंत आली न्हाई न्हवं. तेवढ्या सवडीत एक रेक लागून गेली. उरलेल्या फटीतून ट्रक गेले आले. पण भिंत रोज थोडी थोडी सरकत आमच्याकडे येत होती, आणि टोळीतली बायकामाणसं संध्याकाळी पाणी भरायला जाताना ती कुठवर आली ते बघून यायची.

कामाची पाहणी करायला साहेब पुन्हा येणार कळलं तेव्हा मी समितीला बोलावलं आणि अध्यक्षपदाचा एकमेव निर्णय घेतला. सत्कार नाही.

"नारळ तरी," टोळीतला एकजण म्हणाला.

"नारळही नाही."

"येक गुलाबाचं फूल?"

"काही नाही. आणि एकानेच बोलायचं. बाकीच्यांनी मधे तोंड घालायचं नाही."

"त्यो येक कोण?" मुकादमाने विचारलं, आणि मी छातीवर हात ठेवल्यावर त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. पण हो म्हणाला. त्या आठवड्यात मी दुकानात युरियाच्या थप्पीपुढे उभा राहून एकच वाक्य घोकत होतो. गिऱ्हाईक आलं की खोकल्याचं सोंग करायचो.

साहेब आले. या वेळी आम्ही मोटारीच्या वाटेवर उभे होतो, हात मोकळे, आणि त्या मोकळ्या हातांचं काय करावं कुणालाच कळत नव्हतं. मी पुढे होऊन म्हटलं, "साहेब, मालधक्क्याला ट्रक जायला वाट ठेवा. रेक मिरजेला गेली तर ही माणसं बसतील."

साहेब पुढचं ऐकायला थांबले. पुढे काहीच आलं नाही. "एवढंच?" ते म्हणाले.

"एवढंच."

"मग हे मागच्या वेळी का नाही सांगितलंत?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. फटीपाशी चालत आले, धक्का बघितला, पत्र्याची घरं बघितली. म्हणाले, माल बंद करा असं कुणी म्हटलेलंच नाही, प्रवाशांच्या गर्दीत ट्रक नकोत एवढंच होतं, आता या जागी फाटक ठेवू. प्रवासी गाडीच्या वेळी बंद, एरवी ट्रकांना उघडं. मग सुपरवायझरकडे वळून म्हणाले, माप घ्या. आणि मला विचारलं, "किती रुंद हवं?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. "एक ट्रक जाईल एवढं," मी म्हणालो.

सुपरवायझरने टेप लावली. मुकादम मान डोलवत होता, टोळी मान डोलवत होती, मीही डोलवत होतो. त्या संध्याकाळी धक्क्यावर जिलेबी वाटली. पत्र्याच्या घरांतल्या बायका पहिल्यांदाच मोठ्याने बोलताना ऐकू आल्या. मी घरी येऊन बायकोला सगळं साभिनय सांगितलं आणि ती म्हणाली, बरं झालं बाई.

फाटक झालं. छान झालं, निळा रंगबिंग देऊन. पुढची रेक लागली आणि दहा चाकांचा पहिला ट्रक आला. नाक फाटकातून आत गेलं. मग थांबलं. फाटकाच्या आत लगेच नव्या कारंज्याचा कठडा, आणि धक्का उजव्या हाताला. सरळ जायला ट्रकाला जागा होती, वळायला नव्हती. ड्रायव्हरने मागे घेतला, पुन्हा घातला, आरसा घासला. मग खाली उतरून फाटकाच्या या खांबाकडे बघितलं, त्या खांबाकडे बघितलं.

"हे माप कुणी दिलं?" त्याने विचारलं.

सगळ्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

सुपरवायझर तोवर दुसऱ्या गावी गेला होता. मग त्या दिवशी तोडगा निघाला तोच आजवर चालू आहे. डब्यांतून पोती उतरवायची, ती लहान टेम्पोत भरायची, टेम्पो फाटकातून बाहेर आणायचा, आणि बाहेर रस्त्यावर पुन्हा मोठ्या ट्रकात चढवायची. म्हणजे प्रत्येक पोतं दोनदा पाठीवर. रेक इथेच लागते. टोळी इथेच आहे. शाळेतली पोरं शाळेतच आहेत. फक्त आधी दुपारी रिकामी होणारी रेक आता दिवस मावळेपर्यंत पुरते, आणि संध्याकाळी टोळीतली माणसं धक्क्याच्या कठड्यावर बसतात ती लवकर उठत नाहीत. फाटक रुंद करून मिळावं म्हणून आम्ही पुन्हा पुण्याच्या बाकावर जाऊन बसतो. बसा म्हणतात, बसतो.

त्या पहिल्या दिवशी शेवटचा टेम्पो गेल्यावर मी मुकादमापाशी जाऊन बसलो. तो गुडघे चोळत होता.

"लय वजन झालं रे आज," मी म्हणालो, जणू मीच उचललं होतं.

"झालं," तो म्हणाला. "पर दाजी, मिरजंला गेली असती तर हितं बसून रिकामे हात बगत बसलो असतो. आता हात बगायला सवड न्हाई." मग थोडं थांबून म्हणाला, "फुडच्या टायमाला साहेबाफुडं उभं ऱ्हाताना येक डायवर संगं घेऊ."

"आणि मी?"

"तुमी बी या की. माईक धरायला कुणीतरी लागंल."

घरी आलो तेव्हा बायको चुलीपाशी होती. मी मुकाट्याने पाटावर बसलो आणि झालेलं सगळं सांगितलं, या वेळी अभिनय न करता. वाट राहिली, टोळी राहिली, पण माप माझं चुकलं आणि आता तुझ्या दादाला पोतं दोनदा उचलावं लागतंय. ती भाकरी थापत ऐकत होती. तव्यावरची भाकरी उलटली, हात पुसले, आणि मग म्हणाली, "दोनदा उचलायचं तर दोनदा खायाला नगो व्हय? रेक लागंल त्या दिशी दुपारची भाकरी मी हितनं धाडत जाईन, समद्या टोळीची. पाटी तुमी न्यायची. त्या फाटकातनं तुमी तरी वळताय न्हवं?"